बिनधाग्याचा सेकंड

गेल्या श्रावणातला दुसरा रविवार, दुपारी साडेतीनचा खेळ. सहा तिकिटं, प्रत्येकी दोनशे दहा, एकूण बाराशे साठ रुपये. हजर: कोणी नाही.

त्या सहा खुर्च्या माझ्या एका शब्दामुळे रिकाम्या राहिल्या. तो शब्द मी फोनवर लिहिला, आणि तो खोटा आहे हे मला लिहितानाच माहीत होतं.

तिकिटं माझ्या मोठ्या भाच्याने काढली होती, म्हणजे आक्काच्या मुलाने. आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन ती सुरतेला आली, लिंबायतमध्ये राहिली. बारावी झाल्यावर मीही तिच्याच घरी येऊन राहिलो आणि तिच्या भाकरी खाऊन बी.कॉम. झालो. मेहुणे आता नाहीत. दोन्ही भाचे लूमवर आहेत. आक्का आणि तिच्या दोन सुना घरी बसून साड्यांना खडे चिकटवतात. पिक्चरला हे पाच जण आणि माझी बायको जाणार होती.

पिक्चर होता अचाट शक्तीच्या पाच माणसांच्या टोळीचा. जुनाच, पण सगळं पुन्हा पहिल्यापासून काढलेलं: नट नवे, गोष्ट नवी. जुना आम्ही बहीणभावांनी खानदेशात आमच्या गावी पाहिला होता. शाळेच्या ओट्यावर भाड्याचा व्हिडिओ आणला होता आणि पिक्चर इंग्रजी. एक अक्षर कोणाला कळत नव्हतं. मग आक्काच मागे बसून पाचही जणांचं बोलणं अहिराणीत सांगत गेली. काय सांगत होती ते तिचं तीच जाणे, पण पुढच्या रांगेतली माणसं पडद्याकडे पाठ करून तिच्याकडे पाहायला लागली होती.

त्या पाचांत एक बाई होती. ती भिंतीतून आरपार जायची. जुन्या पिक्चरमध्ये तिला काम एवढंच: भिंतीतून आत जायचं, आतून कडी काढायची आणि बाजूला उभं राहायचं. मग चौघे पुरुष आत घुसून मारामारी करायचे. आम्ही गोठ्यात हाच खेळ खेळायचो. मी पुढारी, कारण मी मुलगा. आक्का मागच्या झरोक्यातून आत उतरायची, कोपरं खरचटून घ्यायची आणि मला कडी काढून द्यायची. मी आत शिरून शत्रूंना ठार करायचो. ती कडीला हात लावून उभी असायची. ती बाई तिला फार आवडायची. का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

नव्या पिक्चरची जाहिरात धाकट्या सुनेने तिला फोनवर दाखवली. त्यात ती बाई टोळीची पुढारी झाली होती आणि तिचे केस पिकलेले होते. आक्काने ती जाहिरात पुन्हा लावायला सांगितली, मग परत एकदा. हातातली साडी खाली ठेवून म्हणाली, "हाई थेटरमा देखाले जावानं." मेहुणे गेल्यापासून तिने थिएटरची पायरी चढलेली नव्हती. सुनांनी एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच हो म्हटलं.

आमच्या ऑफिसची मंडळी शुक्रवारीच जाणार होती. आक्का मला म्हणाली, "तू पहिले देखी ये, मंग सांग. पोरीसना रविवार वाया जावाले नको."

आता त्या शब्दाविषयी. मी पांडेसऱ्याच्या एका रंगाई-छपाईच्या मिलमध्ये हिशेब ठेवतो. आमच्याकडे कापड दोन प्रकारचं: फ्रेश आणि सेकंड. विणीत खोट, रंगाचा शिंतोडा, छपाई सरकलेली, असं काही असलं की तो तागा सेकंड, आणि त्याचा भाव उतरतो. पण कोणी नुसतं तोंडाने सेकंड म्हटलेलं आम्ही धरत नाही. डाग जिथे आहे तिथे काठाला लाल धागा बांधावा लागतो. धागा नाही तर डाग नाही. या नियमावरून मी शेठशीसुद्धा भांडलेलो आहे. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. मामा फ्रेशला सेकंड म्हणणार नाहीत, असं भाचे लोकांना सांगतात. लग्नाच्या साड्या घ्यायच्या तर मला घेऊन जातात.

शुक्रवारी मी आमच्या विभागातल्या दोन तरुणांच्या मधल्या खुर्चीवर बसलो होतो. मध्यंतराच्या थोडं आधी ती बाई एका उंच भिंतीपाशी येते. एकटीच असते. पिकलेले केस कानामागे सारते आणि भिंतीवर तळवा ठेवते. संगीत बंद होतं. मला तो गोठा आठवला, आक्काची कोपरं आठवली. मी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात डावीकडचा म्हणाला, "आ तो दादीमा छे, यार. भिंतीत अडकली तर गुडघे कोण काढणार?"

उजवीकडचा हसला. मागची रांग हसली. आणि मीही हसलो. नुसता हसलो नाही, वर भर घातली. म्हणालो, "बामची बाटली बरोबर आणली असेल." त्यावर दोघांनी मला टाळी दिली. काका मजेशीर आहेत, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

बाहेर आलो तेव्हा घरच्या ग्रुपवर मोठ्या सुनेचा निरोप होता: मामा, कसा आहे? ते दोघे खांद्याशी उभे होते. आवडला असं लिहायची मला लाज वाटली. मी लिहिलं: सेकंड. डावीकडच्याने वाचलं आणि म्हणाला, "बराबर." मी फोन खिशात टाकला.

इथपर्यंत झालं ते मी एखाद वेळेस स्वतःला माफ केलं असतं. चार माणसांत माणूस काहीबाही बोलतो. पण रविवारी दुपारी अडीच वाजता मी घरी पेपर वाचत होतो आणि बायको घरच्याच साडीत गवार निवडत बसली होती.

मी विचारलं, "जायचं नाही का?"

"कुठे?"

"पिक्चरला."

"तुम्हीच तर सेकंड म्हणालात. सुना म्हणाल्या, मग कशाला जायचं, उद्या पाच साड्या द्यायच्या आहेत. दोघे भाचे झोपलेत रात्रपाळी करून."

"आणि आक्का?"

"त्या म्हणाल्या, त्याने सांगितलं ना, मग राहू द्या."

साडेतीनला तासभर होता. आमच्या उधन्याच्या घरापासून थिएटर रिक्षाने वीस मिनिटं, लिंबायतहूनही तेवढंच. एक फोन पुरला असता. मी पेपरचं पान उलटलं. बायकोने विचारलं, "एवढा वाईट आहे का हो?" मी म्हणालो, "तसा बराच लांब आहे." हेही खोटंच. पावणेतीन झाले, तीन झाले, मग साडेतीन. पेपरात काय वाचलं ते मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात राखी होती. मी आणि बायको लिंबायतला गेलो. आक्काच्या बोटांना डिंक लागलेला होता, तो तिने आमच्यासमोर खरवडून काढला. मला पाटावर बसवलं, टिळा लावला, राखी बांधली. गाठ मारता मारता माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू सेकंड लिखं. मंग डाग कोठे शे?"

तिने दुसरी गाठ मारली.

"धागा कोठे बांधा तू?"

मोठी सून ताट घेऊन उभी होती, ती हसायला लागली. "मामा, आई चार दिवसांपासून हेच विचारताहेत. मामाने डाग कुठे ते सांगितलंच नाही म्हणतात."

मी म्हणालो, "आक्का, डाग नव्हता."

"मंग?"

"पोरं हसली. त्या बाईला म्हातारी म्हणून हसली. मीही हसलो. आणि तसं लिहून टाकलं."

आक्काने राखीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. माझं मनगट सुनेकडे वळवून म्हणाली, "हाई देख. डाग सापडी गया. धागा मी बांधी दिधा."

सगळे हसले, बायको तर फार हसली. मीही हसलो, पण त्या हसण्यात मला बसवेना. मी ताटात एकशे एक ओवाळणी ठेवली आणि वर बाराशे साठ ठेवले. आक्काने एकशे एक उचलले आणि बाकीचे ताटातच राहू दिले.

"हाई कसाना?"

"तिकिटांचे."

"तुना खिसामा ठेव. माले पिक्चर दखाड."

पुढच्या आठवड्यापर्यंत मोठ्या थिएटरांतून पिक्चर उतरला होता. उधन्यात एका जुन्या थिएटरला दुपारी बाराचा एक खेळ उरला होता, तिकीट नव्वद रुपये. मी रजा टाकली. भाच्यांना पाळी सोडता आली नाही. आक्का, दोन्ही सुना, बायको आणि मी असे पाच जण गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, आठ जण असल्याशिवाय खेळ लागणार नाही. आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. कोणी आलं नाही. मग मी आठ तिकिटं मागितली. तीन जास्तीच्या खुर्च्यांवर धाकट्या सुनेने डबा, पाण्याची बाटली आणि छत्र्या नीट बसवून ठेवल्या. "यांचेही पैसे दिलेत ना, मामा? मग यांनाही दिसू द्या," म्हणाली.

भिंतीचा प्रसंग आला. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, आक्काकडे पाहत राहिलो. तिचा चेहरा लहान मुलीसारखा होईल, डोळे पुसेल, असं काहीतरी मला हवं होतं. म्हणजे माझं निभावलं असतं. ती पुढे झुकली. पडद्यावर तेव्हा काय झालं ते मला नंतर आक्काकडूनच कळलं: बाई भिंतीतून पलीकडे गेली. मग पलीकडून तिने एक हात मारला आणि अख्खी भिंत ढासळली. धुरळ्यातून बाकीचे चौघे आत आले. आक्का हळूच मागे टेकली.

बाहेर पायऱ्यांवर मी विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला शे." थोडं चालून थांबली. "पन तिनी भिंत फोडी टाकी."

"मग काय झालं?"

"फोडाले येस तर मंग आरपार जावानं कसाले? फोडाले तर कोनले बी येस. आतून कडी काढणं कोनले येत नव्हतं. ते तिलेच येत व्हतं."

धाकटी सून म्हणाली, "अहो आई, आता ती पुढारी आहे. पुढारी कशाला कड्या काढत बसेल?"

"काढाले पाहिजे. पुढारीनीच काढाले पाहिजे," आक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "सेकंडच शे रे, भाऊ. तू लिखं ते बराबर व्हतं. पन डाग तुले दिसना नही."

तो प्रसंग माझ्यासमोर दोनदा झाला होता. पहिल्यांदा डोळे भरून आले म्हणून आणि दुसऱ्यांदा आक्काकडे पाहत बसलो म्हणून, भिंत पडते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रविवारी आक्का भरल्या थिएटरात, मोठ्या पडद्यावर, दोन्ही मुलांच्या मध्ये बसली असती. घरी येताना मुलांशी भांडली असती, रात्री जेवताना पुन्हा विषय काढला असता. भाच्यांशी तिला ते आता बोलता येणार नाही, कारण त्यांनी पिक्चर पाहिलेला नाही आणि तो आता कुठे लागलेलाही नाही. बोलायला मी आहे. मी तिचं म्हणणं लगेच मान्य करतो, आणि तेच तिला आवडत नाही. परवाच म्हणाली, "तू हा ला हा करस. जरासा भांड ना."

घरच्या ग्रुपवर मी पिक्चरहून आलो त्याच संध्याकाळी लिहिलं की माझा आधीचा शेरा रद्द समजावा, मी तो डाग न पाहता दिला होता. मोठ्या भाच्याने अंगठ्याची खूण टाकली. बाराशे साठ मी त्याला दोनदा देऊ केले, दोन्ही वेळा त्याने विषय बदलला. ते पैसे मी वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. ऑफिसातले ते दोघे अजून मला बामची बाटली म्हणून हाक मारतात आणि मी ओ देतो.

त्या दुपारी पैसे दिले गेले ते एवढेच: उधन्याच्या खिडकीवर आठ तिकिटांचे सातशे वीस, मी. परतीच्या रिक्षाचे साठ रुपये द्यायला मी हात पुढे केला होता, तो आक्काने राखीच्या मनगटाला धरून बाजूला सारला, आणि ते तिने रिक्षावाल्याला दिले.