दाजींचं हवेचं गणित

आमचे दाजी पत्र्याचे कारागीर. कारखान्यांतली गरम हवा खेचणारे पंखे आणि त्यांचे पत्र्याचे नळ बसवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. स्वभाव असा, की नाकावर माशी बसू देणार नाहीत. मी कॉलेजात सीएफडी शिकवते, म्हणजे हवा-पाणी कसं वाहील याचं कम्प्यूटरवर गणित मांडायला. माझ्या या नोकरीवर त्यांचा एकच शेरा, "उंटावरून शेळ्या हाकणं!"

मग ताई चक्कर येऊन पडली, महिन्यात दुसऱ्यांदा. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत ती इस्त्री विभागाची प्रमुख. वाफेनं खोली नुसती भट्टी व्हायची. तिथले पंखे दाजींनीच बसवलेले. आधी दोन, मग चार, मग सहा. डॉक्टर म्हणाले, नोकरी सोडा.

"बावीस वर्षं उभ्यानं इस्त्री केली, आता कुठे प्रमुख झाले," ताई म्हणाली आणि ताटावरून उठली.

त्या रविवारी छप्पन्न वर्षांचे दाजी वही घेऊन माझ्या दारात. "शिकव," म्हणाले. मी हसले. हसायला नको होतं.

पठ्ठ्यानं तीन महिने एक रविवार चुकवला नाही. माऊस हातोडीसारखा आवळून धरायचे. पण खोलीचे लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात आलेल्या-गेलेल्या हवेचा मेळ घालायचा, हे त्यांना माझ्या विद्यार्थ्यांच्या आधी उमगलं. इस्त्रीच्या खोलीची मापं तर तोंडपाठ. तरी गणित सुटेना. दर वेळी आकडे उधळायचे. दाजींनी पंखे मोठे केले, आकडे आणखीच उधळले.

"तुझा कम्प्यूटर बिघडलाय."

"दाजी, सहा पंखे हवा बाहेर फेकतायत. आत कुठून येते?"

"कुठून म्हणजे? येते की!"

"दाखवा बरं."

त्यांचं बोट पडद्यावर खोलीभर फिरलं. चादरींवर धूळ नको म्हणून मालकानं खिडक्या कायमच्या बंद केलेल्या. दाराच्या फटीला रबर, तेही दाजींनीच लावलेलं.

मागे बसून भाजी निवडणारी ताई म्हणाली, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

दाजींचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे तू माझ्यामुळे पडलीस," ते म्हणाले. इतक्या वर्षांची माझी त्यांच्याशी चाललेली थट्टा त्या क्षणी मलाच नकोशी झाली.

पंख्यांसमोरच्या भिंतीला खाली झरोका, त्याला धूळ अडवणारी जाळी, असं आम्ही गणितात मांडलं. आकडे शहाण्यासारखे शांत झाले, आणि तेही दोनच पंख्यांत. मालकाला पटवायला आठ दिवस लागले, भिंत फोडायला एक.

ताई आपल्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. "अहो, मानेला गार लागतंय," म्हणाली आणि सगळ्या बायकांसमोर रडली. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दाजी जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावत बसले.

"पंखा चांगलाय हो," ते सांगत होते, "बसवणारा चुकला. भिंत फोडायला कधी येऊ?"