धर्मामिस्त्री आणि हिरवी चिंधी

धर्मामिस्त्री आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी शेगडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खांद्यावरची पिशवी उंबऱ्याशी ठेवली, चपला काढल्या, स्वयंपाकघरात शिरले आणि सरळ फरशीवर पालथे पडले. मला वाटलं, माणसाला घेरीच आली. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर हे गृहस्थ नाक फरशीला टेकवून ओट्याखाली सरकत होते.

"बाय, गॅसचा वास उभ्यानं घ्यायचा नसतो," ते ओट्याखालूनच म्हणाले. "तो हवेपेक्षा जड हाय. पान्यासारका खाली जाऊन बसतो. तुमी उभ्या, तो बसलेला. भेट कशी व्हनार?"

सत्तरच्या दशकाची अखेर होती. वाशीच्या नव्या वसाहतीत आमच्यासारखी पगारदार बिऱ्हाडं येऊन पडली होती. मी साताऱ्याकडची, इथे शाळेत शिकवायला लागलेली; आमचे हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. घरात गॅस नवा होता, त्यामुळे त्याचं कौतुक आणि भीती दोन्ही सारखीच. दोन दिवस मला वास येत होता आणि मी आगपेटीला हात लावायला तयार नव्हते. मिस्त्रींनी दाढीचा ब्रश काढला, वाटीत साबणाचा फेस केला आणि नळीच्या जोडावर लावला. फेसात बारीक बुडबुडे उठायला लागले. "बगा, बोलला," ते म्हणाले. त्यांच्या मते गळती बोलत असते, आपण तिला साबण लावून विचारायचं असतं. काडी ओढून गळती शोधणाऱ्याला ते मूर्ख म्हणत नसत, "घाईतला मानूस" म्हणत.

ते मूळचे उरणकडच्या गावातले. तरुणपणी मासेमारीच्या होडीवर, मग गोदीत जहाजांवर फिटर, आणि आता बेलापूरला रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं वेल्डिंगचं दुकान. अंगाने वाळलेले, दात पानाने लाल, आणि कामाच्या बाबतीत माझ्या हेडमास्तरांपेक्षा कडक. त्यांनी बसवलेल्या प्रत्येक वस्तूजवळ ते आधी स्वतः बसत. बाथरूममध्ये गॅसचा बंब बसवला तर दार लावून आत अर्धा तास स्टुलावर बसायचे. बाहेर घरची मंडळी ताटकळलेली. "जोडनी माजी हाय," ते आतून ओरडायचे, "मंग पयला श्वास बी माजा."

अशा माणसाकडे आम्ही आमच्या आप्पांचं वेड घेऊन गेलो.

आप्पा म्हणजे माझे सासरे. तेहेतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवत मुलांना अख्खा हिमालय पाठ करून दिला आणि स्वतः मात्र महाबळेश्वराच्या वर कधी चढले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच ध्यास लागला, मरायच्या आत बर्फ बघायचा. छातीत दमा ठाण मांडून बसलेला. डॉक्टरांनी सांगितलं, "थंडी लागली तर हे परत येणार नाहीत. उबेत ठेवता येत असतील तर न्या." आता वाशीच्या माणसाने ऊब कुठून आणायची? इथे आयुष्य पंख्याखाली चाललेलं!

पण आमचे हे हट्टाला पेटले. कारखान्याने मोडीत काढलेली एक जुनी व्हॅन घेतली, आत झोपायला फळ्या ठोकल्या. मुंबईच्या जुन्या बाजारात त्यांना एक छोटा गॅसचा हीटर मिळाला. कुणा गोऱ्या भटक्याने परत जाताना गाडीसकट विकलेल्या सामानातला. तो आणला बेलापूरला. मिस्त्रींनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"हे कशाला?"

"गाडीत ऊब राहायला," हे म्हणाले.

"गाडी म्हंजे डबा. डब्यात मानसं, डब्यात आग." त्यांनी हीटर खाली ठेवला. "नको सायेब."

मग आप्पाच बोलले. "मिस्त्री, मी मुलांना तेहेतीस वर्षं न पाहिलेलं शिकवलं हो. थोडं खोटं बोलल्यासारखं वाटतं."

मिस्त्रींनी खाली ठेवलेला हीटर पुन्हा उचलला. म्हणाले, "गुरजी, करतो. पन माज्या पद्धतीनं."

त्यांची पद्धत तीन आठवडे चालली. सिलिंडरला त्यांनी पत्र्याची वेगळी पेटी केली, जिचं दार फक्त गाडीच्या बाहेरून उघडे. सिलिंडर आत उभा, पट्ट्याने बांधलेला. पेटीच्या तळाला भोक, म्हणजे गळालाच तर गॅस रस्त्यावर सांडावा. तांब्याची नळी जिथे पत्र्यातून जात होती तिथे त्यांनी रबराची चकती घातली, धक्क्याने नळी घासू नये म्हणून. हीटरच्या डोक्यावर छपरापार जाणारं धुराडं, त्यावर टोपी. आणि हीटरच्या पायाशी, गाडीच्या तळात, तळहाताएवढं भोक. ह्यांना ते भोक खटकलं. एकीकडे ऊब करायची आणि दुसरीकडे खाली भोक पाडायचं! मिस्त्री म्हणाले, "ज्योतीला तुमच्या आदी श्वास लागतो. तिला नाय दिला तर ती तुमचा घेनार."

काम झालं. पण ते थंडीत चालतं की नाही हे कळणार कसं? मिस्त्रींनी तोड काढली. उरणला त्यांच्या मेव्हण्याचा मासळीसाठी बर्फ करायचा कारखाना होता. एका रविवारी सकाळी व्हॅन तिथल्या उघड्या शेडमध्ये उभी केली आणि चारही बाजूंनी बर्फाच्या लाद्या रचल्या, वर छपरावरही. धुराड्याची टोपी आणि गाडीखालची जागा तेवढी मोकळी सोडली. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघायला थांबल्या. "गारी आजारी हाय काय गो?" एकीने व्हॅनकडे बोट दाखवत मला विचारलं. आप्पा कानटोपी घालून खुर्चीवर बसले होते, जणू हिमालयच त्यांना भेटायला आला होता.

मिस्त्री आत गेले, हीटर पेटवला आणि दार लावून घेतलं. तासभर बसणार होते.

अर्धा तासही झाला नसेल, दार धाडकन उघडलं. मिस्त्री पायरीवरून गुडघ्यावर पडले आणि भडाभडा ओकले. चेहरा मातीसारखा झालेला. मेव्हण्याने त्यांना उचलून मोकळ्या वाऱ्यात आणलं. ते डोकं धरून बर्फाच्या लादीवर टेकले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "ज्योत पिवली झाली. उपाशी हाय ती. खालचं भोक बगा." मेव्हण्याने आत जाऊन हीटर बंद केला आणि भोकातून एक बोळा उपसून आणला. हिरव्या सुती कापडाचा, चांगला ठासून भरलेला.

ती माझ्याच जुन्या साडीची चिंधी होती.

वाशीच्या त्या दिवसांतल्या कुणालाही विचारा. खाडीचे डास असे होते की दिवेलागणीच्या आधी घरातलं प्रत्येक भोक बुजवणं हा आम्हा बायकांचा नित्यनेम होता. मोरीचं तोंड, खिडकीची फट, दाराखालची जागा, सगळीकडे चिंध्या. आदल्या संध्याकाळी मी व्हॅनमध्ये गाद्या घालायला गेले, खालून डास येताना दिसले, आणि माझ्या हातांनी आपोआप ते भोक बुजवलं. पुढे मी ते विसरूनही गेले. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे नळीचे जोड तपासले होते, पण स्वतः पाडलेलं भोक सकाळपर्यंत बुजलेलं असेल हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही.

"कोनी कोंबला?" मिस्त्रींनी विचारलं. आमचे हे बर्फाच्या कारखान्यातल्या गड्यांकडे बघायला लागले.

"मी," मी म्हणाले. "मी कोंबला, मिस्त्री. डासांसाठी." आणि मला रडूच फुटलं.

मला वाटलं, आता हा माणूस मला सगळ्यांसमोर फाडून खाणार. त्याला तो हक्क होता. ते पाणी प्यायले, चूळ भरली, आणि मला समोरच्या लादीवर बसायची खूण केली.

"माजा धाकटा भाव व्हता, नारायन," ते हळू म्हणाले. "आमी दोगं होडीवर. थंडीचे दिवस. तो तापानं फनफनलेला. मी केबिनात कोलशाची शेगडी ठेवली, त्याला ऊब म्हून. फळ्यांतनं वारा येत व्हता, तर जाल्याच्या चिंध्या घेतल्या नि एक एक फट बुजवली. मी भायेर जालं वडत व्हतो. परत येऊन हाक मारली, तर नारायनाला श्वासच नाय. चिंध्या मीच कोंबलेल्या, बाय. मंग तुमाला काय बोलू? मायेनंच कोंबतो आपन."

मी आयुष्यात पुष्कळ विद्वान माणसं पाहिली, पण दुसऱ्याची चूक इतक्या अलगद उचलून घेणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा लाद्या रचल्या. मधल्या आठवड्यात मिस्त्रींनी भोकाला आतून लोखंडी पिंजरा जोडला होता, चिंधी बसूच नये असा, आणि खालून बारीक जाळी, डास येऊ नयेत म्हणून. "भोक बुजवनाऱ्याचा बी विचार मीच करायला पायजे व्हता," म्हणाले. या वेळी मी त्यांच्यासोबत आत बसायचा हट्ट धरला. तासभर आम्ही दोघं त्या डब्यात ज्योतीकडे बघत बसलो. ती निळी होती, शेवटपर्यंत निळीच राहिली. बाहेर बर्फ आणि आत मला घाम. उठताना त्यांनी साबणाचा एक दुसरा ब्रश माझ्या हातात दिला. "आता गाडी तुमची. रोज जोड तपासायचे. गाडी चालताना हीटर बंद, झोपायच्या आदी बंद. कोनी जागं असंल तरच ज्योत."

आम्ही गेलो. मनालीच्या पुढे एका वळणावर रस्त्याकडेला बर्फ दिसला. गाडी थांबवली, हीटर पेटवून आप्पांना ऊब दिली; मग ते शालीसकट उतरले, वाकले, मूठभर बर्फ उचलला आणि मुलासारखे हसत म्हणाले, "नकाशात हा एवढा गार दाखवत नाहीत गं!" तिथून ते धडधाकट परत आले आणि पुढे चार वर्षं जगले. भेटेल त्याला हिमालय सांगत सुटायचे, आता खरा पाहिलेला. मिस्त्रींना आम्ही सफरचंदं नेऊन दिली. त्यांनी प्रवासाचं काही विचारलं नाही. "ज्योत कंच्या रंगाची व्हती?" एवढंच विचारलं. निळी, म्हटल्यावर सफरचंद पुसून खायला घेतलं.

मिस्त्री गेल्याचं मला उशिरा कळलं. बेलापूरला तोवर सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या, पण त्यांची शेड होती तिथेच होती. त्यांचा मुलगा जनार्दन एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. गिऱ्हाईक म्हणत होतं, बाथरूमच्या बंबासाठी भिंतीला भोक कशाला, डास येतात. जनार्दनने वडिलांची हत्यारांची पेटी उघडली आणि तळातून एक हिरवी चिंधी काढून त्याच्यापुढे धरली. साबणाने कडक झालेली, पण काठ ओळखू येत होता.

"हिनं माज्या बाबाचा जीव घेतला असता," तो म्हणाला. "कोंबनारी बाई शिकलेली व्हती, चांगली व्हती, घरच्यांच्या काळजीनं कोंबली. भोक पाडायचं का नाय, बोला."

गिऱ्हाईक मुकाट्याने हो म्हणालं. ते गेल्यावर मी पुढे झाले. "जनार्दन, ती बाई मीच."

"माहीत हाय मना," तो म्हणाला. "बाबानं सांगितलेलं. बोलला, चिंधी सगल्यांना दाखव, नाव कोनाला सांगू नको."

त्याने चिंधी माझ्यापुढे धरली, न्यायची असेल तर न्या म्हणून. मी ती नीट घडी करून परत पेटीत ठेवली, साबणाच्या ब्रशाशेजारी.