बाही लांबतच गेली

विणून झालं की लोकरीच्या गुंड्याचं थोडं शेपूट उरतं. ते टाकवत नाही, पिशवीत जातं. आमच्या कुंडल गावच्या विणकामाच्या बैठकीतले किस्से असेच साठलेत. एकाचंही धड स्वेटर होणार नाही, पण टाकायला मन होत नाही.

बैठक दुपारी त्रिशलावहिनींच्या घरी, पुढच्या सोप्यात भरते. त्या घरच्या मालकीण आणि आमच्या गुरू. दुसऱ्या हौसाकाकू, त्यांचा एकुलता एक मुलगा, संदीप, फौजेत आहे. तिसरी मी, शाळेतून रिटायर झालेली बाई. कुंडलात स्वेटर घालावा असा दिवस विरळाच. पण आमच्यातली एकही थंडीसाठी विणत नाही.

*

मी या बैठकीत आले ती घाबरून. रिटायर झाल्यापासून छातीत धडधडायचं. सांगलीला ईसीजी काढला, तो चांगला आला, म्हणून तर मी जास्तच घाबरले. काहीच नाही, तर मग हे होतंय काय?

वहिनींना हे सगळं पहिल्यापासून सांगायला लागले, तर त्यांनी माझ्या हातात सुया दिल्या. "बाई, सांगा की. पण विणत विणत सांगा."

उलटा टाका, सुलटा टाका सांभाळता सांभाळता माझी कहाणी कुठवर आली होती तेच आठवेना! धडधड गेली असं नाही. पण ती आली की मी हल्ली डॉक्टरांचा नंबर शोधत नाही, सुया शोधते.

*

माझा पहिला मफलर वहिनींनी बोटांनी चाचपला. मध्येच एका जागी थांबल्या.

"हितं कोण आजारी हुतं?"

तिथली वीण पत्र्यासारखी घट्ट होती. ते विणताना माझा नातू तापाने फणफणला होता. तेव्हापासून आमच्यात "कशी आहेस" असं कोणी विचारत नाही. आम्ही एकमेकींची वीण चाचपतो.

*

वहिनींचे यजमान अप्पासाहेब. "कुंडलात स्वेटर म्हणजे उन्हाळ्यात शेकोटी," हा त्यांचा रोजचा विनोद.

त्यांची लेक बाळंतपणाला दवाखान्यात होती. अप्पांनी प्रश्न विचारून विचारून डॉक्टरांना इतकं भंडावलं, की वहिनींनीच त्यांना घरी पाठवून दिलं. सोप्यात नुसत्या येरझाऱ्या. शेवटी हौसाकाकू म्हणाल्या, "अप्पा, बसा. हात पुढं करा."

त्यांच्या दोन्ही हातांत लोकरीची लडी अडकवली आणि मी गुंडा करायला बसले. येरझाऱ्या थांबल्या. लडी संपली तरी हात तसेच पुढे. काकूंनी दुसरी अडकवली. तीही संपली. घरात लडी उरली नाही, तेव्हा मी केलेला गुंडा पुन्हा उलगडून त्यांच्या हातांवर गुंडाळला.

फोन आला तेव्हा अप्पांचे हात अडकलेलेच होते. तो मीच त्यांच्या कानाला धरला. नात झाली होती. शेकोटीचा विनोद त्यानंतर ऐकला नाही.

*

संदीपची ड्युटी वर बर्फात. रेंज नाही, दिवसेंदिवस फोन नाही. काकू त्याच्यासाठी स्वेटर विणत होत्या. अंग झालं, गळा झाला, एक बाही झाली. दुसरी बाही खांद्यापासून खाली निघाली ती थांबेचना. फोन आला की काकू त्या दिवशी सुईला हात लावायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट बघणं, पुन्हा बाही.

शेजारची नवी सून एकदा हसली. "काकू, गुडघ्याखाली गेली की बाही!"

"जाऊ दे पोरी," काकू म्हणाल्या. "ती संपली की माझं हात रिकामं हुत्यात."

*

संदीप सुट्टीवर आला. स्वेटर घालून सोप्यात उभा राहिला. एक बाही मनगटावर, दुसरी नडगीवर. आम्ही पोट धरून हसलो. तो हसला नाही. आल्यापासून तो भांडं पडलं तरी दचकायचा. ती लांब बाही तो वरून खाली चाचपत गेला. एका जागी बोटं थांबली.

"आये, ही घट्ट वीण कवाची?"

"तुमच्या तिकडं बरफ कोसळल्यालं टीव्हीवर दावलं, तवाची."

तो खाली बसला. वहिनींनी काही न विचारता त्याच्या हातात सुया दिल्या.

सुट्टी संपताना काकूंनी ती बाही मनगटापर्यंत उसवली आणि टाके बंद केले. निघालेल्या लोकरीचा गुंडा आणि सुया संदीपने आपल्या बॅगेत टाकल्या.

*

तो गेला आणि फोन पुन्हा बंद. काकू रोज यायच्या, पण नवीन काही सुरू करायच्या नाहीत. नुसत्या हात मांडीवर ठेवून बसायच्या. ते हात आम्हाला बघवत नव्हते.

एका दुपारी फोन वाजला. काकूंनी स्पीकर लावला. आधी नुसता वारा, मग संदीपचा आवाज.

"आये, एक टाका सुटलाय. खाली खाली उसवत चाललाय. काय करू?"

काकूंनी फोन दोन्ही हातांनी वहिनींपुढे धरला. वहिनी फोनकडे वाकल्या. "आदी सुईत धर त्याला. वडू नगंस."

मला राहवलं नाही. "संदीप, वीण कशी आलीय रे?"

पलीकडे त्याने वीण चाचपली असावी.

"पयल्यांदा लय घट्ट हुती, बाई," तो म्हणाला. "आता जरा सैल व्हाय लागलीया."