सातव्या नंबरची नकोशी

१९९९ साली मी बारामतीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. नकोशी कोकरे माझी विद्यार्थिनी, कळस गावाहून एसटीनं यायची. चार मुलींवर पाचवी झाली म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलं. असली नावं ठेवणाऱ्यांचा मला भयंकर राग यायचा, अजून येतो.

त्या दिवशी मी शिकवत होते, की आपल्या प्रोग्रॅममध्ये ब्राउझरची खिडकी कशी बसवायची आणि तिच्यात उघडलेल्या वेबपानावरचा मजकूर कोड लिहून कसा बदलायचा. नकोशीनं पुण्याच्या एका कंपनीचं पान उघडलं. नोकरीसाठी निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव सातवं होतं. तिनं दोन ओळींचा कोड चालवला आणि ‘नकोशी’च्या जागी ‘सुकन्या’ उमटलं. कशी खुलली होती पोर!

मी चेष्टेनं म्हटलं, “झालं! आता जगभर तू सुकन्या.”

ती पांढरीफटक पडली. घाईघाईनं तिनं मशीनच बंद केलं आणि पिशवी उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. मग मात्र मला माझी चेष्टा आठवली. जिभेला हाड नाही माझ्या.

तिसऱ्या दिवशी ती दारात उभी. डोळे सुजलेले. शेजारी तिचे वडील महिपती, हातात रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला.

“बाई, हिचं नाव नकोशीच हाय. ह्यो बघा पुरावा. पोरीनं चुकून खोडलं. सायबाला सांगा, पोलिसात देऊ नका. नोकरी तेवढी राहू द्या.”

“अहो, बदललं ते फक्त आपल्या खिडकीतलं. कंपनीचं पान जसंच्या तसं आहे,” मी सांगितलं. दोघांनाही पटेना. कंपनीचं पान पुन्हा उघडायला मी इंटरनेटसाठी फोनची लाइन जोडली. मोडेम किंचाळू लागला तशी नकोशीनं वडिलांची बाही घट्ट धरली. पान वरून हळूहळू उतरू लागलं. तिसरं नाव, पाचवं. खरं सांगते, तेवढ्यात मीसुद्धा घाबरले.

सातवं आलं. नकोशी महिपती कोकरे.

“वाच की,” वडील म्हणाले. एरवी नाव घशातल्या घशात सांगणाऱ्या त्या मुलीनं ते मोठ्यानं वाचलं आणि रडू लागली.

महिपतींनी मान खाली घातली. “लई वंगाळ नाव ठिवलं गं आमी. बदलून घिऊ.”

“नगं, आप्पा,” ती डोळे पुसत म्हणाली, “त्यांनी नकोशीच निवडलीय.”