अकरा नंबरची कोरडी जर्सी

कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे सर म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. आवाज असा, की कोर्टवर ओरडले तर वाचनालयात पेंगणाऱ्यांना जाग यावी. आणि वशिला म्हटला की त्यांच्या अंगाचा तिळपापड. प्राचार्यांची चिठ्ठी घेऊन कुणी पोरगा आला, की सर चिठ्ठी न वाचता खिशात घालायचे आणि पोराला कोर्टभोवती पळायला लावायचे. बहुतेक जण फेऱ्या संपायच्या आत घरचा रस्ता धरत.

याचं कारण जुनं होतं. सर स्वतः कॉलेजात असताना उत्तम खेळायचे. शेवटच्या वर्षी, ऐन फायनलला, त्यांना बेंचवर बसवून संस्थेच्या चिटणिसांच्या मुलाला खेळवलं. त्या महाशयांना धावताना स्वतःच्या बुटाची नाडीही सांभाळता येत नव्हती. सर सामनाभर मूग गिळून बसले आणि बसल्या बसल्या शपथ घेतली, की आपण कधी कुणा आपल्या माणसाला पुढे करणार नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथवर ठीक आहे. सर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

आणि कर्मधर्मसंयोग असा, की त्यांचा सख्खा भाचा त्यांच्याच कॉलेजात आला आणि त्यांच्याच संघात निवडला गेला. निवडीच्या वेळी सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. दुसऱ्या दोन शिक्षकांनी त्याला घेतलं, तेव्हा ‘नीट बघितलंत ना?’ असं त्यांनी इतक्यांदा विचारलं, की ते दोघे वैतागले. संघातल्या पोरांनी मात्र पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ‘भाचेबुवा’ ठेवलं आणि सरांच्या माघारी सरांचं ‘मामा’.

सरांनी नियम घालून दिला. घरी मामा, कोर्टवर सर. भाच्यानं तो पाळला. एकदाच, सराव संपल्यावर तो म्हणाला, “सर, एक विचारू?”

“कोर्टवर प्रश्न नाहीत.”

“मग घरी विचारतो.”

“घरी खेळाचं काढायचं नाही.”

झालं. बिचाऱ्याला विचारायला जागाच उरली नाही.

आता भाच्याचं शेवटचं वर्ष होतं, म्हणजे शेवटचा सीझन. भाचा काही चमत्कार नव्हता. लांबून बॉल टाकायला गेला तर रिंगपेक्षा भिंतीला लागण्याची शक्यता जास्त. पण समोरच्याला अडवण्यात त्याचा हात धरणारा संघात कुणी नव्हता. ज्याच्यामागे लागला त्याला घोटभर पाणी पिऊ देत नसे. हे सरांना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं म्हणूनच तर भीती. सामना जिंकल्यात जमा झाला किंवा हातचा गेला, की शेवटच्या मिनिटाला सर त्याला तोंडी लावण्यापुरता आत सोडायचे. तो धावत जायचा, कुणाच्या तरी समोर हात पसरून उभा राहायचा, आणि शिट्टी वाजायची.

संघाच्या जर्सी धुवायला जायच्या त्या ताईच्या दुकानात. ताई म्हणजे सरांची थोरली बहीण, भाच्याची आई. दुकान मूळचं त्यांच्या आईचं. ही दोघं भावंडं त्या दुकानात, वाफेच्या आणि साबणाच्या वासात वाढलेली. मोठ्या चादरी पिळायच्या असल्या की एक टोक ताईकडे, एक भावाकडे. दोघं उलट्या दिशांनी पीळ घालत, आणि जो आधी हात सोडेल तो हरला. ताई कधी हरली नाही. आई गेल्यावर तिनं दुकान धरलं आणि भावाला शिकवलं. आता तिथे मोठी यंत्रं आली होती, पण नळाखालची दगडी मोरी होती तशीच होती.

दर सामन्यानंतर जर्सींचं पोतं भाचाच घेऊन यायचा. ताई एकेक जर्सी काढायची. सामना तिनं पाहिलेला नसायचा, पण कोण किती खेळलं हे तिला कपडे सांगायचे. कप्तानाची जर्सी, त्याला पोरं उंट म्हणत, पिळली तर बादलीभर घाम निघेल अशी. एकाच्या खांद्याला कायम कुणाच्या तरी नखांनी ओढलेले धागे. आणि तळाशी अकरा नंबर. घडी मोडलेली, पण कोरडी ठणठणीत. ताई ती इतरांबरोबर यंत्रात टाकायची आणि पोराला काही विचारायची नाही. पोरगाही यंत्राकडे बघत उभा राहायचा आणि म्हणायचा, “जिंकलो.”

खरंच, संघ जिंकत होता. म्हणून तर कुणी काही बोलायला धजावत नव्हतं.

सेमीफायनलला मात्र गाडं अडलं. समोरच्या संघाचा एक ठेंगणा, चपळ खेळाडू आपल्या पोरांना अक्षरशः नाचवत होता. त्याला अडवणाऱ्याचा पाय मुरगळला. उंटानं बेंचकडे पाहिलं. संपूर्ण बेंचनं भाचेबुवाकडे पाहिलं. भाच्यानं अंगावरचा टॉवेल काढून ठेवला. सरांनी पहिल्या वर्षाच्या एका पोराला आत पाठवलं.

चांगली आघाडी हातातून निसटली. शेवटी उंटानं कसाबसा बॉल आत ढकलला म्हणून एका गुणानं अब्रू वाचली. सामना संपल्यावर उंट सरांपाशी आला.

“सर, भाचेबुवा तुमचा भाचा आहे, त्यात आमची काय चूक?”

“काय म्हणायचंय तुला?”

“तो दुसऱ्या कुणाचा भाचा असता तर आज सुरुवातीपासून खेळला असता. तुम्ही शिक्षा त्याला देता, पण भोगतो आम्ही सगळे.”

सरांनी त्याला पळायला लावलं. उंट पळाला. फेऱ्या पूर्ण करून आला आणि परत तेच वाक्य म्हणाला.

फायनलच्या आदल्या दिवशी जर्सी आणायला सर स्वतः दुकानात गेले. ताईनं इस्त्री केलेल्या जर्सींचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. वर एक जर्सी वेगळी, चुरगळलेली.

“ही राहिली वाटतं,” सर म्हणाले.

“राहिली नाही. हिला पाणीच लावलं नाही. मळलेली नाही तर धुवायचं काय?”

सरांनी अकरा आकडा पाहिला आणि घसा खाकरला. “ताई, तू समजून घे. उद्या मी त्याला खेळवला आणि काही कमी-जास्त झालं, तर लोक काय म्हणतील?”

“लोक काही माझ्याकडे जर्सी घेऊन येत नाहीत. पोरगा येतो.”

“अगं, पण माझ्या बाबतीत काय झालं होतं, विसरलीस?”

“विसरीन कशी? गॅलरीत मीच बसले होते ना.” ताईचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तू बेंचवर बसून तुझ्या बुटांकडे बघत होतास. मला रडू आवरेना, आणि शेजारची बाई विचारत होती, तुमचा कोणता? तुझी जागा चिटणिसाच्या पोरानं घेतली. आणि माझ्या पोराची जागा कुणी घेतली, सांगू? तुझ्या त्या जुन्या रागानं. तो राग तुझा लाडका. त्याला तू वर्षानुवर्षं खेळवतोयस.”

सर गठ्ठा उचलून निघून गेले. अकरा नंबर चुरगळलेलीच होती. घरी जाऊन त्यांनी तिला इस्त्री केली. खांद्याला जरा पिवळा डाग पडला. धोब्याच्या घरात वाढून इस्त्री येत नाही म्हणजे कमाल आहे, असं ते स्वतःशीच म्हणाले.

फायनलला पहिल्या पाचांत भाचेबुवाचं नाव होतं.

आता इथे भाच्यानं मैदान मारलं असं सांगायला कुणालाही आवडेल. पण सीझनभर बेंचवर बसलेले पाय ऐन वेळी ऐकत नाहीत. त्याचा पहिला पास बाहेर गेला. दुसरा समोरच्याच्या हातात. गॅलरीतून आवाज आला, “भाचा आहे तो सरांचा!” आणि हशा पिकला. ज्या एका वाक्याला सर इतकी वर्षं भीत होते, ते शेवटी कानावर पडलंच. त्यांची कानशिलं तापली. बदली मागायला ते उठले. बेंचवरच्या पोरांनी वर पाहिलं. सर तसेच उभे राहिले, शिट्टी मुठीत आवळली आणि खाली बसले.

मग हळूहळू पोराला लय सापडली. समोरच्या संघाचा सगळ्यात धोकादायक गडी त्यानं असा धरला, की मध्यंतरापर्यंत तो आपल्याच सोबत्यांवर खेकसायला लागला. गॅलरी गप्प झाली. नंतर टाळ्याही आल्या. पण अडवायचं किती आणि धक्का कुठे लागतो, हा अंदाज सामन्यातच येतो, सरावात येत नाही. भाच्याचे फाउल वाढत गेले. शेवट जवळ आला असताना पाचवा झाला, आणि नियमाप्रमाणे त्याला बाहेर यावं लागलं.

तो बेंचपाशी आला. अंगातून पाणी गळत होतं.

“सॉरी, सर.”

सरांनी टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी केस पुसले, लहानपणी त्याला आंघोळ घातल्यावर पुसायचे तसे. सगळ्या गॅलरीदेखत. सामना तीन गुणांनी गेला.

संध्याकाळी पोतं घेऊन मामा-भाचे दोघं दुकानात गेले. ताईनं गाठ सोडली आणि आधी तळाशी हात घातला. अकरा नंबर वर आली ती जड, चिंब, छातीवर काळा पट्टा, एका बाजूची शिवण उसवलेली. ताईनं ती दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

“हरलात म्हणे.”

“हरलो,” सर म्हणाले.

“ह्याच्या चुकीनं?”

भाच्यानं मान खाली घातली. सर म्हणाले, “ह्यानं पाच फाउल केले, ते आज. ते का झाले, ते मला ठाऊक आहे. मी एकच केला, पण तो सीझनभर. आता ह्याला दुसरा सीझन कुठून आणून देऊ, ताई?”

मग भाचा म्हणाला, “मामा, घरी विचारायचं होतं ते आता विचारू?”

“विचार.”

“मी बरा खेळतो ना रे?”

“खूप आधीपासून,” सर कसेबसे म्हणाले.

ताईनं बाकीच्या जर्सी यंत्रात टाकल्या. अकरा नंबर घेऊन ती मोरीवर गेली, साबण लावला, हातानं घासली, खळबळून काढली. मग वळून भावाला म्हणाली,

“उभा काय राहिलास? धर दुसरं टोक.”

सरांनी बाह्या सरसावल्या आणि टोक धरलं. दोघांनी उलट्या दिशांनी पीळ घातला. पाणी मोरीत पडत राहिलं, आणि शेवटचा थेंब गळून गेला तरी दोघांपैकी कुणी हात सोडला नाही.