भंगारात गेलेल्या सर्व्हरचं उत्तर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी विचारतो, "लॉग आहे का? मशीनमधली नोंद?" त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... असो.

पुण्यात खराडीतले आयटी पार्क नवे होते तेव्हा देशपांडे मॅडम आमच्या टीम लीड. REST वेब सर्व्हिस, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली की उत्तर देणारा प्रोग्राम, लिहायला मी त्यांच्याकडेच शिकलो. प्रत्येक सर्व्हिसला 'चालू आहेस का?' असं विचारायचा एक पत्ता असतो. सगळ्यांच्या सर्व्हिस 'OK' म्हणायच्या. मॅडमची म्हणायची — "आहे. बोला." आणि कुणाचा कोड अडला, चेहरा पडला, की मॅडम स्वतःच्या मॉनिटरवरून नजरही न हलवता म्हणायच्या, "आधी पाणी प्या." फार छान दिवस होते ते.

पुढे मॅडम वारल्या. त्यांची सर्व्हिस ज्यावर चालायची तो आमचा 'पर्वती' नावाचा सर्व्हर तर मीच टेम्पोत चढवून भंगारात पाठवला.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. कितीतरी महिने वारज्याला घरी बसून होतो. शेवटी खराडीतच एका कंपनीत इंटरव्ह्यू मिळाला. भर दुपारी, त्यांच्या लॅपटॉपवर, सर्व्हिस लिहायची आणि तिला हाक मारून दाखवायची. हाक मारली — 404. म्हणजे पत्ताच सापडत नाही. पुन्हा 404. समोर इंटरव्ह्यू घेणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मला दरदरून घाम फुटला. सर्व्हिस निदान जिवंत आहे का बघावं म्हटलं, तर बोटांनी जुन्या सवयीने पत्ता टाकला तो 'पर्वती'चा.

उत्तर आलं. "आहे. आधी पाणी प्या."

मुलीने वाकून वाचलं. "सर, ही कुठली सर्व्हिस? सो क्यूट."

मी पाणी प्यायलो. मग दिसलं — क्लास, म्हणजे कोडचा मुख्य तुकडा, भलत्याच फोल्डरमध्ये ठेवलेला, सर्व्हिस चालवणारं फ्रेमवर्क तिकडे ढुंकूनही बघत नाही. याच चुकीवरून मॅडमनी आम्हाला किती टोमणे मारले होते. क्लास हलवला, सर्व्हिस बोलली, नोकरी मिळाली.

त्या नेटवर्कवर 'पर्वती' नावाचं मशीन कधीच नव्हतं, नंतर चौकशी केली. मॅडमच्या कोडमध्ये पाण्याचं वाक्यही नव्हतं, तो कोड मला पाठ आहे. मग ते आलं कुठून? मला अजून सांगता येत नाही.

चुटपुट एकच लागली होती, मॅडमना उलट काही सांगता आलं नाही. इंटरव्ह्यूत मारलेली हाक GET ची, तिने नुसतं मागता येतं. आपलं काही सांगायचं तर POST करावं लागतं. म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्याच पत्त्यावर POST केलं — "पाणी प्यायलो, मॅडम. नोकरी लागली."

उत्तर आलं नाही. कामाशिवाय त्या कधी बोलायच्याच नाहीत.