फोनला कुंकू
आमच्या उमरग्याच्या ऑफिसात खंडेनवमीला साहेबांनी इंटरनेटवर चालणाऱ्या नव्या फोनचीही पूजा केली. वायरी उपसून तो पाटावर ठेवला आणि पुढून-मागून ओलं कुंकू थापलं, अगदी नेटवर्कच्या वायरीच्या भोकातसुद्धा. दसऱ्यानंतर मी वायरी लावल्या. फोन उजळला, पण असल्या फोनला आधी नेटवर्ककडून स्वतःचा पत्ता मिळावा लागतो. तो मिळेना, म्हणून नुसता ‘जोडत आहे’ दाखवत बसला. साहेब सगळ्यांसमोर खेकसले, “तुझ्या हातालाच यश न्हाय!” मी टाचणीनं भोकातलं कुंकू खरवडलं. फोन लागताच त्यांनी वरच्या साहेबांना सांगितलं, “आमच्या माणसानं बिघडवला व्हता, मी सुरू केला.”

पुढच्या खंडेनवमीला कुंकवाचा करंडा मीच त्यांच्या हातात दिला. म्हटलं, “साहेब, यंदा हात आखडता घेऊ नका.”